प्रोटॉन गेला की इलेक्ट्रॉन? अकरावीच्या रसायनात ॲसिड-बेस आणि रेडॉक्स ओळखायला शिकताना

अकरावी सायन्सला गेलेल्या पोरांची रसायनातली गाडी एका ठिकाणी हमखास अडते. ॲसिड-बेसचा धडा वेगळा वाचला तर समजतो, रेडॉक्सचा वेगळा वाचला तर तोही समजतो. दोन्ही एकाच पेपरात आले, की समोरची अभिक्रिया कुठली तेच सांगता येत नाही. चाळीसगावला शिकवा नाहीतर शहाद्याला, प्रश्न ठरलेला: "सर, हाई कसं वळखानं?"

ओळखायची रीत दोन वाक्यांची आहे. एका कणाकडून दुसऱ्याकडे प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, गेला तर ती ॲसिड-बेस. इलेक्ट्रॉन गेला तर ती रेडॉक्स. बुडबुडे आले, रंग पालटला, भांडं तापलं, बाटलीवर 'ॲसिड' लिहिलंय, यातल्या कशावरूनही निकाल द्यायचा नाही. पुढचं सगळं ही रीत हाताला बसावी म्हणून आहे.

पुस्तकात आम्ल, आम्लारी, ऑक्सिडीकरण, क्षपण असे शब्द आहेत आणि परीक्षेत तेच लिहा. इथे मी वर्गात बोलतो तसं लिहितोय. समीकरणंही शब्दांत दिली आहेत. तुम्ही ती वहीत सूत्रांनी लिहून काढा.

सुरुवात हळदीच्या कागदापासून

चमचाभर हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा. हळदीतला रंग, करक्युमिन, पाण्यात फारसा उतरत नाही, स्पिरिटमध्ये लगेच उतरतो. हे काम गॅसच्या शेगडीपासून लांब करा, स्पिरिट पटकन पेट घेतं. गाळून त्यात फिल्टर पेपरच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा.

आता एकेका पट्टीवर एकेक थेंब: लिंबाचा रस, ताक, खाण्याच्या चुन्याची निवळी, कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी आणि पापडखाराचं पाणी. उन्हाळ्यात पापडखार आपल्याकडे गल्लीतल्या कुठल्याही घरी मिळेल. चुना, साबण आणि पापडखार पट्टीला लाल-तपकिरी करतात. लिंबू आणि ताक काहीच करत नाहीत. हळद फक्त बेस दाखवते, ॲसिडला ती पिवळीची पिवळीच राहते. म्हणून पट्टी पिवळी राहिली यावरून 'पदार्थ ॲसिड आहे' असं लिहू नका. साधं पाणी टाकलं तरी ती पिवळीच राहणार. दोन्ही बाजू दाखवणारा दर्शक हवा असेल तर गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात भिजवा. ते पाणी लिंबाने जांभळं-गुलाबी होतं, पापडखाराने हिरवट.

रंग का बदलतो? करक्युमिन स्वतःच एक दुबळं ॲसिड आहे. चुन्यातला हायड्रॉक्साइड त्याचा प्रोटॉन ओढून घेतो आणि प्रोटॉन गेलेलं करक्युमिन लाल दिसतं. वर लिंबू पिळा, प्रोटॉन परत मिळतो, पट्टी पुन्हा पिवळी. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात ते याच अभिक्रियेवर.

व्याख्यांचं थोडक्यात उरकतो. अऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधातून सुरू केलेल्या विचाराप्रमाणे पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते ॲसिड, हायड्रॉक्साइड देतो तो बेस. मग अमोनिया कुठे बसवायचा? त्याच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाहीच, तरी हळद लाल करतो. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, व्याख्या मोकळी केली: प्रोटॉन देणारा ॲसिड, घेणारा बेस. अमोनिया पाण्याकडून प्रोटॉन घेतो, अमोनियम होतो, मागे हायड्रॉक्साइड उरतो. इथे पाणी ॲसिड झालं. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात सोडला तर तेच पाणी प्रोटॉन घेतं, म्हणजे बेस होतं. समीकरणात जिथे दोन कणांत नेमका एका प्रोटॉनचा फरक दिसेल, तिथे पेन्सिलने जोडी जुळवा. अशा दोन जोड्या जुळल्या की ॲसिड-बेसचं अर्धं काम झालं.

बादलीतलं टायट्रेशन

सामू, म्हणजे पीएच, ही कल्पना सोरेन्सनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. एक पायरी उतरली की हायड्रोजन आयन दसपट वाढतात. ०.०१ मोलर, म्हणजे लिटरमागे ०.०१ मोल, हायड्रोक्लोरिक ॲसिडचा सामू २. ते दहापट पातळ केलं की ३. हे तोंडपाठ असतं, पण त्याचा अर्थ ड्रिपच्या ॲसिड ट्रीटमेंटला जितका कळतो तितका वर्गात कळत नाही.

रावेर-यावल पट्ट्यात केळीला ड्रिप नसलेलं शेत शोधावं लागतं. विहिरीचं, बोअरचं पाणी जड असलं की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. तो कॅल्शियम कार्बोनेट. तो काढायला लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीत, ॲसिड सोडतात, शेवटच्या ड्रिपरला सामू साधारण ४ येईपर्यंत. किती ॲसिड लागेल ते आधी बादलीत पाहतात. घरी मोठं माणूस हे करणार असेल तर पीएच पेपर घेऊन शेजारी उभे राहा. हातमोजे, चष्मा पाहिजेच. ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही.

सिरिंजने थोडंथोडं ॲसिड टाकत, ढवळत पट्टी बुडवली की गंमत दिसते. सुरुवातीला सामू हलायलाच तयार नसतो. आठच्या जवळून सात, साडेसहा, सहा असा रेंगाळत उतरतो. मग अगदी थोड्या ॲसिडने धाडकन चारवर येतो.

हिशेब करून बघा. समजा पाण्यात लिटरमागे ५ मिलिमोल बायकार्बोनेट आहे. प्रत्येक बायकार्बोनेट एक प्रोटॉन घेतो आणि त्याचं पाणी व कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे लिटरमागे ५ मिलिमोल ॲसिड तिथेच खर्च. ते संपल्यावर सामू ४ करायला किती लागतं? लिटरमागे ०.१ मिलिमोल. पन्नासातला एक भाग! दहा लिटरच्या बादलीला दोन्ही मिळून ५१ मिलिमोल, म्हणजे ३३ टक्क्यांचं बाजारातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड जेमतेम ५ मिली. तुम्ही ब्युरेटखाली शंकूपात्र धरून जे टायट्रेशन करता ते हेच आहे. शेवटच्या एका थेंबाला फिनॉफ्थॅलीनचा गुलाबी रंग का पालटतो, याचं उत्तरही हेच: शेवटाजवळ सामू उभ्या कड्यावरून उतरतो.

याच जागी आणखी एक गाठ सोडवून घ्या. 'तीव्र' आणि 'संहत' एक नव्हे. पाण्यात जवळजवळ सगळे प्रोटॉन सोडतं ते तीव्र, कमी पाण्यात जास्त ॲसिड असतं ते संहत. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा सामू १, ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिडचा २.९ च्या आसपास, कारण ॲसेटिकचे शंभरातले एखाद-दोनच रेणू प्रोटॉन सोडतात. पण प्रत्येकी १० मिली घेतलं तर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड दोघांनाही १० मिलीच लागतो. बेस मागत गेला की ॲसेटिक ॲसिड उरलेले प्रोटॉनही देत जातं. फरक दर्शकात पडतो. ॲसेटिकसाठी फिनॉफ्थॅलीनच घ्या, ते ८.२ ते १० च्या दरम्यान रंग बदलतं. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ ला बदलतं, म्हणजे शेवट यायच्या कितीतरी आधी.

तेच बुडबुडे, वेगळी अभिक्रिया

ड्रिपरवरच्या थरावर ॲसिड पडलं की फेस येतो. परीक्षानळीत जस्ताच्या तुकड्यावर तेच ॲसिड टाकलं तरी फेस येतो. डोळ्यांना फरक नाही.

कॅल्शियम कार्बोनेट + २ हायड्रोक्लोरिक ॲसिड → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

जस्त + २ हायड्रोक्लोरिक ॲसिड → झिंक क्लोराइड + हायड्रोजन वायू

इथे ऑक्सिडीकरण अंक मांडायचे, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले (+) किंवा मिळवले (−) असं धरायचं त्याचा आकडा. नियम थोडे आहेत. मोकळ्या मूलद्रव्याचा अंक शून्य. साध्या आयनाचा, त्याच्यावर जो प्रभार असेल तो. संयुगात फ्लोरिन नेहमी −१. हायड्रोजन +१, धातूंच्या हायड्राइडमध्ये मात्र −१. ऑक्सिजन −२, पण हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या पेरॉक्साइडमध्ये −१. सगळ्यांची बेरीज रेणूत शून्य, आयनात त्याच्या प्रभाराएवढी. उदाहरणार्थ पोटॅशियम परमँगनेट: पोटॅशियमचा +१, चार ऑक्सिजनचे −८, म्हणून मँगनीजचा +७.

कार्बोनेटमध्ये कार्बन +४, कार्बन डायऑक्साइडमध्येही +४. कॅल्शियम, क्लोरिन, हायड्रोजन, ऑक्सिजन सगळे होते तिथेच. इलेक्ट्रॉन गेलाच नाही. कार्बोनेटने दोन प्रोटॉन घेतले, एवढंच. ही ॲसिड-बेस. दुसरीत जस्त ० वरून +२ वर गेलं, हायड्रोजन +१ वरून ० वर आला. ही रेडॉक्स. ॲसिड दोन्हीकडे तेच!

अंक वाढला की ऑक्सिडीकरण, घटला की क्षपण. ज्याचा अंक घटतो तो ऑक्सिडक, ज्याचा वाढतो तो क्षपणक. इथे नावं उलटी पडतात म्हणून गोंधळ होतो. हातउसन्या पैशांसारखं आहे, एकाकडे आले म्हणजे दुसऱ्याकडून गेलेच. एकट्या बाजूचं उत्तर लिहून थांबू नका.

दहावीपर्यंत शिकलेली 'ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, हायड्रोजन मिळाला की क्षपण' ही व्याख्या फेकून द्यायची नाही. कार्बनच्या संयुगांत ती झटकन उपयोगी पडते. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपासाठी कंपनी निघाली, आजच्या विप्रोचं मूळ ते. वनस्पती तूप म्हणजे निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन दिलेलं तेल. तेलातल्या दुहेरी बंधाचे कार्बन −१ वरून −२ वर येतात, म्हणजे तेलाचं क्षपण. जुनी व्याख्या तेच सांगते. जस्त आणि ॲसिडच्या उदाहरणात मात्र ऑक्सिजन कुठेच नाही, तिथे ती हात टेकते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सगळे ऑक्सिडीकरण अंक. एकही बदलला, तर रेडॉक्स. एकही बदलला नाही, तर मग प्रोटॉन कोणी कोणाला दिला ते शोधा. सरावाला तीन घ्या. चुनकळी पाण्यात विझवणं: अंक बदलत नाहीत, ऑक्साइड आयन पाण्याचा प्रोटॉन घेतो, भांडं कितीही तापलं तरी ॲसिड-बेस. खाण्याच्या सोड्यावर लिंबू: ॲसिड-बेस. इन्व्हर्टरची बॅटरी, जी भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी आली: आत सल्फ्युरिक ॲसिड भरलेलं असलं तरी शिसं ० वरून +२ वर आणि लेड डायऑक्साइडमधलं शिसं +४ वरून +२ वर. रेडॉक्स.

सराफाचं तेजाब

ॲसिड दिसलं म्हणून फसू नये, यासाठी जळगावच्या सराफ बाजारातलं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. जुन्या दागिन्यातलं सोनं शुद्ध करताना ते आधी जास्तीची चांदी घालून वितळवतात, सोन्याचा वाटा चौथाईच्या आसपास येईपर्यंत. नाहीतर आतल्या चांदीपर्यंत ॲसिड पोचत नाही. मग नायट्रिक ॲसिड, म्हणजे तेजाब. चांदी विरघळते, सोनं तळाला उरतं.

चांदी + २ नायट्रिक ॲसिड → सिल्व्हर नायट्रेट + नायट्रोजन डायऑक्साइड + पाणी

संहत ॲसिडातला तपकिरी विषारी धूर तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. अंक लावा. चांदी ० वरून +१. नायट्रिकच्या दोन रेणूंपैकी एकातला नायट्रोजन +५ वरून +४ वर उतरला, दुसऱ्यातला +५ वरच राहिला आणि चांदीच्या सोबतीला नायट्रेट म्हणून बसला. एकाच बाटलीतला एक रेणू ऑक्सिडक, दुसरा नुसता ॲसिड. प्रोटॉन दोघांचेही पाण्यात गेले, पण अंक बदलले आहेत, म्हणून नाव रेडॉक्स. चांदीवर साधं हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं तर ती अशी विरघळत नाही, कारण तिचे इलेक्ट्रॉन काढून घ्यायची ताकद नुसत्या प्रोटॉनात नाही.

विरघळलेली चांदी परत कशी मिळवायची? द्रावणात तांब्याची पट्टी सोडतात. पट्टीवर राखाडी चांदी चढत जाते आणि पाणी निळं होत जातं. तांबं ० वरून +२, दोन चांदीचे आयन +१ वरून ०. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात तांब्याची तार लोंबकळत ठेवा. थोड्याच वेळात तारेवर चांदीचे काटे उगवतात. इथे एकही प्रोटॉन हललेला नाही.

हे दोन कधी एकत्र करायचे नाहीत

ड्रिपमध्ये शेवाळ झालं की ब्लीचिंग पावडरची क्लोरीन ट्रीटमेंट देतात. थर काढायला ॲसिड, शेवाळ मारायला ब्लीचिंग. मग दोन्ही एकदमच सोडून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल. तसं केलं तर टाकीतून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीचिंग टाकलं तरी हेच.

हायपोक्लोराइट + क्लोराइड + २ प्रोटॉन → क्लोरीन + पाणी

हायपोक्लोराइटमध्ये क्लोरिन +१, क्लोराइडमध्ये −१, दोघेही ० वर येऊन मिळतात. एकाने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला. पण उजवीकडे पाणी व्हायला प्रोटॉन लागतात आणि ते पुरवतं ॲसिड. बेसिक पाण्यात ही अभिक्रिया उलटी, डावीकडे सरकते. म्हणून ब्लीचिंग पावडर चुन्यासोबत शांत असते. दोन ट्रीटमेंटमध्ये लाइन साध्या पाण्याने नीट फ्लश झाली पाहिजे. ॲसिडचं आणि ब्लीचिंगचं भांडंही वेगळं.

समीकरण जुळवणं

ॲसिडिक माध्यमातली पद्धत एकदा नीट बसली की पुढे सगळं तेच ते आहे. परमँगनेट आणि फेरस घेऊ. फेरस म्हणजे +२ चं लोखंड, फेरिक म्हणजे +३ चं. आधी दोन अर्ध्या अभिक्रिया वेगळ्या करा. लोखंडाची सोपी: फेरस → फेरिक + १ इलेक्ट्रॉन. परमँगनेटचा मँगनीज +७ वरून +२ वर जातो. डावीकडे चार ऑक्सिजन आहेत, म्हणून उजवीकडे चार पाणी. चार पाण्यात आठ हायड्रोजन, म्हणून डावीकडे आठ प्रोटॉन. आता प्रभार मोजा: डावीकडे −१ आणि +८, एकूण +७, उजवीकडे +२. डावीकडे पाच इलेक्ट्रॉन घाला, जुळलं. हे पाच आणि +७ ते +२ मधला फरक सारखाच आला पाहिजे. नाही आला तर पुढे जाऊ नका. लोखंडाची बाजू पाचने गुणा आणि बेरीज करा:

परमँगनेट + ५ फेरस + ८ प्रोटॉन → मँगनस + ५ फेरिक + ४ पाणी

बेसिक माध्यम असेल तर असंच जुळवा आणि शेवटी जितके प्रोटॉन, तितके हायड्रॉक्साइड दोन्ही बाजूंना मिळवा. प्रोटॉन आणि हायड्रॉक्साइडचं पाणी करा, दोन्हीकडचं समान पाणी खोडा.

फेरस आणि फेरिकची ही जोडी शेतातही रोज दिसते. चुनखडीच्या जमिनीत भुईमूग पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोखंड कमी नसतं. ते फेरिक रूपात असतं आणि सामू एक पायरी चढला की विरघळलेलं फेरिक हजारपटीने घटतं. भुईमुगाची मुळं प्रोटॉन सोडून आसपासचा सामू उतरवतात आणि मग इलेक्ट्रॉन देऊन फेरिकचं फेरस करून ते आत घेतात. चुनखडी हे प्रोटॉन गिळून टाकते. म्हणून पानांवर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारतात आणि त्यात थोडं सायट्रिक ॲसिड घालतात. हिराकस साध्या पाण्यात उघडा ठेवला तर हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक होतो, द्रावण पिवळट-तांबूस होऊन गाळ धरतं. ॲसिडिक पाण्यात हे ऑक्सिडीकरण फार संथ चालतं.

बारावीच्या प्रात्यक्षिकात मोहर सॉल्टचं द्रावण करताना पातळ सल्फ्युरिक ॲसिड घालायला सांगतात, ते याच कारणाने. मोहर सॉल्टमध्येही फेरसच आहे.

प्रयोगशाळेत

परमँगनेट ब्युरेटमध्ये, फेरस शंकूपात्रात. द्रावण गडद असल्यामुळे खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरच्या कडेवर वाचन घ्या. सुरुवातीचं आणि शेवटचं दोन्ही वरूनच. वेगळा दर्शक लागत नाही. थेंब पडला की रंग जातो. एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकते. तिथे थांबा. गडद गुलाबी झालं म्हणजे पुढे गेलात.

हिशेबात ५ विसरू नका. ०.१ मोलर फेरस १० मिली म्हणजे १ मिलिमोल. त्याला परमँगनेट लागतं त्याचा पाचवा भाग, ०.२ मिलिमोल, ०.०२ मोलर द्रावण असेल तर १० मिली. ॲसिड-बेसचं सवयीचं एकास एक गुणोत्तर इथे लावलं तर उत्तर पाचपट चुकतं. फेरसऐवजी ऑक्झॅलिक ॲसिड असेल तर द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करा. तरीही पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागतो, नंतरचे पटापट जातात, कारण तयार झालेला मँगनस आयनच अभिक्रियेला वेग देतो.

आठ प्रोटॉन पुरवायला पातळ सल्फ्युरिक ॲसिडच घ्यायचं. नायट्रिक चालत नाही; सराफाकडे पाहिलंच, ते स्वतः ऑक्सिडक आहे, थोडं फेरस तेच खाऊन टाकतं आणि ब्युरेटचं वाचन कमी येतं. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचंही क्लोरीन करतं, तेवढं परमँगनेट जास्त खर्च होतं आणि वाचन वाढतं. व्हायवाला हा प्रश्न येतोच. उत्तर देताना 'सल्फ्युरिक चांगलं असतं' म्हणून सुटू नका. क्लोराइडचा अंक −१ वरून ० आणि नायट्रिकमधल्या नायट्रोजनचा +५ वरून खाली, एवढं फळ्यावर लिहून दाखवा.